बांधावरच्या आंब्याची साल

—न्हाई न्हाई मॅडम, तिकडनं चढू नका, हिकडनं या. ती त्याची बाजू हाय. तुमचा पाय त्याच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पडला, तर वरच्या घरातनं वरडंल तुमच्यावर—तुमच्यावर हां, माझ्यावर न्हाई. माझ्याशी त्यो बोलत न्हाई. मीबी बोलत न्हाई. काय बोलायचंय त्याच्याशी? स्ट्रॉबेरी, औषध, ठिबक, परत स्ट्रॉबेरी—ह्याच्याबाहेर त्याला जग हाय व्हय? हां, ह्योच आंबा. हसलात ना? हसा, हसा. मनगटाएवढं खोड, माझ्यापेक्षा हातभर उंच, आन त्याच्यापायी वाईच्या नर्सरीतनं तुमच्यासारख्या शिकल्याल्या बाईला घाट चढून यायला लावलं. बोलवलं कुणी तुमाला—अर्जुनानंच ना? ठाव हाय मला. माझा धाकटा भाऊ त्यो. त्याला आसं एक शिकल्यालं माणूस पायजे हुतं, बांधावर हुभं ऱ्हाऊन चार लोकांत म्हणायला, की आंबा थंडीनं मेला. त्येवढं तुमी म्हणलं की त्यो सुटला. तुमच्यावर राग न्हाई माझा. तुमचं काम हाय. पण बोलवणाऱ्याची नियत काय हाय, ती तरी ठाव असावी का न्हाई?

थंडी व्हय—पडली की. संक्रांतीच्या पुढं पडली. पण थंडी कशाला म्हणत्यात, ह्ये ह्या गावाला कुणी सांगायचं? तिकडं पाचगणीत पुण्यामुंबईची माणसं गाडीच्या टपावरचं गोठल्यालं दव चमच्यानं गोळा करून फोटू काढत हुती, आन हितं आमच्या गावातली शाणी मयताला आल्यागत तोंडं करून फिरत हुती. ही आमची जागा खोलगट, खाली वढा—वरची सगळी थंडी उतरून हितंच बसती. सकाळी बघतो तर सगळा वाफा पांढरा, आन आंब्याची पानं अशी लोंबत्याली, दुपारपातूर काळी. झालं! गेला आंबा, मेला आंबा. त्यो नाथाजी, जलमभर ज्यानं दारातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घातलं न्हाई, त्यो हॉटेलात बशीतनं चहा वढत सांगतो, आंबा ह्या हवेतला न्हवंच. त्यो शेरडंवाला धुळा म्हणतो, फांदी मोडून द्या, चुलीत घालून बघतो, भडकली की समजायचं मेली. घ्या! भडकल्यावर काय राहिलं मंग जितं का मेलं बघायला? आसली सगळी डोकी. ह्यांच्यात दिवस काढायचं म्हंजे मॅडम, फौज परवडली.

म्या सगळी जवानी फौजेत घालवली. लालासाहेब हवालदार म्हणा, शेंबडं पोरबी घर दावंल. तर तिकडं काश्मिरात आमच्या क्यांपाखाली एका म्हाताऱ्याची बाग हुती, अक्रोडाची आन जर्दाळूची. बरफ गेलं की त्यो म्हातारा झाडाझाडापाशी जाऊन नखानं साल खरवडायचा. आदी शेंड्याला. सालीखाली हिरवं, वलं दिसलं—जितं. तपकिरी, कोरडं दिसलं—मेलं, मंग हातभर खाली, परत खरवड, जितं कुठनं सुरू हुतंय ते बघत बघत खाली यायचं. वरनं बघावं तर नुसती लाकडं, आन आत हिरवंगार! ही गोष्ट म्या सगळ्या हॉटेलाला सांगितली. मोठ्यानं सांगितली. अर्जुना पलीकडच्या बाकड्यावर माझ्याकडं पाठ करून भजी खात बसला हुता. त्याला सांगितली न्हाई हां, त्याला कशाला सांगू? पण कान तर त्याचं उघडं हुतं. भजं हातात तसंच धरून बसलाता गाढव, खायचं इसरून.

काय म्हणालात? एका आंब्याचं एवढं काय? आवं, एका आंब्याचं न्हाई. म्हंजे—बसा की जरा, ह्या दगडावर बसा, ह्यो माझ्या बाजूचा दगड हाय. मी फौजेतनं कायमचा आलो आन वरीसभरात आमचं दोघांचं वाजलं. कशावरनं? सांगायला लाज वाटंल आसं. हिरीवरच्या पायपावरनं. आदी त्याच्या वाफ्याला का आदी माझ्या गव्हाला. एवढ्यावरनं दोन शाणी माणसं एकमेकाचं तोंड बघंनात. मंग वाटणी. मोजणीवाला आला, म्हणाला हितं दगड रोवा. तर आमची आय, बनुबाई, आष्ट्याची माहेरवाशीण, तिनं त्याला हिथनं हाकलला. म्हणाली, माझ्या दोन पोरांच्या मधी दगड रोवायचा न्हाई. आन आष्ट्याला जाऊन भावाच्या मळ्यातनं ह्ये कलम आणलं, यष्टीत मांडीवर घिऊन. आमा दोघांना हुभं केलं. एकानं हिकडनं खांदायचं, एकानं तिकडनं. आन सगळ्या पावण्यांच्या देखत सांगितलं—ह्यो आंबा हुभा हाय, जिता हाय, तवर कुणी बांधाला तारेचं कुंपण मारायचं न्हाई. आंबा वाळला की मंग तुमी मोकळं, मारा तारा, पाडा भिताडं. तुमी हसताय, पण ह्या गावात आजपातूर कुणी आयची आण वळांडली न्हाई. आय गेली, तरी न्हाई. अर्जुनाचीबी टाप न्हाई. म्हणून तर तुमाला बोलवलं. आता कळलं?

ते बघा, त्याच्या दारात. सिमेटाचं खांब. दिसत्यात न्हवं, गोठ्याच्या अंगाला? वाटणी झाली त्याच सालात आणून टाकल्यात. एवढी घाई! आय जिती हुती तवा आणल्यात, हरामखोरानं. आता निम्मं खांब गवतात गेल्यात, एकाच्या आडोशाला कुत्री व्याली, वरच्या खांबांवर त्याची बायको दोडक्याचा येल चढवती. पण हायत. तयारी हाय. आन ती एकदा तार लागली की—न्हाई, मला काय फरक पडत न्हाई. मी एकटा जीव. आमची मंडळी गेली त्याला आता बरीच वर्सं झाली. पोरगी फलटणला दिली, ती तिच्या संसारात. मला काय, दोन भाकरी थापल्या, झालं. थापायच्याबी लागत न्हाईत—म्हंजे, ती आक्काताई, त्याची बायको, ती ह्या आंब्याच्या फांदीला रोज डबा अडकवून जाती. अर्जुनाला ठाव न्हाई. कालवणात मीठ कमी, भाकरी एका अंगानं करपल्याली, वांग्याचं तर नावच घिऊ नका, नुसतं पाण्यात पवत्यात. मला तर ते गळ्याखाली उतरत न्हाई. काय? व्हय, खातो की. टाकून कुठं देणार? अन्न हाय ते. सणाला पोळी असती. परवा मी तापानं पडलो, डबा तसाच फांदीला राहिला, तर संध्याकाळी कुणीतरी माझ्या खिडकीत पेज ठिवून गेलं. आक्काताईच आसंल. तिची चप्पल वाजती चालताना, ती काय वाजली न्हाई तवा, पण तीच आसंल. दुसरं कोण येणार? तार मारल्यावर तीबी यायची न्हाई. न्हाई आली तर न्हाई आली! कुणाचं अडलंय? ...मला अडंल. आता तुमी परकी माणसं म्हणून सांगतो. मला लय अडंल मॅडम.

जाऊ द्या. तुमी तुमचं काम करा. काढा चाकू. हां, शेंड्याला. बघा... तपकिरी. ते माझंबी तसंच आलंतं. पयल्या दिवशी ह्योच शेंडा खरवडला म्या आन तपकिरी निघाला, तवापास्नं परत शेंड्याला हात लावायची हिंमत केली न्हाई. खाली या. अजून खाली. आता? थांबा, मला चष्मा—हिरवं! हिरवंच की! वलं हाय, बोटाला लागलं. ती दुसरी फांदी बघा. तीबी? बघा! म्या म्हणलं न्हवतं? मोठ्यानं म्हणा मॅडम, जरा तिकडं तोंड करून म्हणा, वर जाऊ द्या आवाज. थंडीत मेला म्हणत्यात! त्या नाथाजीला आणा कुणीतरी बशीसकट! आन ह्या अर्जुनाला बोलवा म्हणावं, बघ ये, तुझ्या खांबांवर दोडकंच चढव आता जलमभर. ह्या थंडीनं काय मरतोय आमच्या आयचा आंबा! आष्ट्याची माती हाय त्याच्या मुळाला.

काय झालं? हिरवं आलं म्हणलात ना? मंग तोंड का आसं पाडलंय तुमी? खोड काय बघताय? खोडाला काय न्हाई, ते म्या खरवडल्यालं हाय. रोज खरवडतो. सकाळी उठलो की तोंड धुवायच्या आदी हितं येतो. शेंड्याला भ्या वाटतं, म्हणून हितं छातीबरोबर खोडाला खरवडतो, हितं नेमानं हिरवं दिसतं. दिसलं की बरं वाटतं. मंग दिवस जातो. आता काल हिरवं दिसलं म्हणून आज आसंलच आसं थोडंच हाय? आन कालची जागा आज वाळून काळी पडती, त्यात काय कळतंय? म्हणून तिला लागूनच नवी जागा घ्यायची. नखानं भागंना म्हणून खिशातला चाकू घेतला, आडकित्त्यासंगट असतो त्यो. जरा खोल गेल्याबिगर नीट दिसत न्हाई. पण माझं माझ्याच बाजूला हां! हिकडच्या अंगाला. बांध वळांडून पलीकडं म्या एकदाबी हात घातला न्हाई, इचारा कुणालाबी. तिकडचं खरवडल्यालं त्याचं हाय. त्योबी येतो रोज. मी गेल्यावर. मी खिडकीतनं बघतो की, झाडाला चिकटून हुभा ऱ्हातो चोरागत. मेलं का, मेलं का, कवा मरतंय, आसं करत खरवडत आसंल. दुसरं काय बघणार त्यो?

बोट काय फिरवताय आसं? झाडाभवती सगळीकडनं बोट फिरवून काय—थांबा. आसं गोल न्हाई मॅडम. माझं हितं संपतंय. हितं. हा बघा माझा शेवट. मंग त्याचं... आन त्याचं हिकडनं... ह्याला लागलंय व्हय? आमची उंची एक. आय एकाच मापानं दोघांच्या बंड्या शिवून घ्यायची, आजपातूर कुणाची कुठली ते कळलं न्हाई. त्याचा हात तितंच येणार जितं माझा येतो. दोन्हीकडनं लागलंय. सगळीकडनं. मधी साल न्हाई. बोटभर सुदीक न्हाई? नीट बघा की. त्या गाठीपाशी बघा, तितं आसंल, तितं तरी... न्हाई.

मंग? साल गेली म्हणून काय झालं? लाकूड हाय की आत. वर हिरवं हाय, आताच बघितलं तुमी, तुमच्याच हातानं बघितलं. व्हय. व्हय. पानांचं खालती जातं ते सालीतनं जातं. मुळाला वरनं काय मिळंना म्हंजे मुळं उपाशी. मुळं गेली की वरचं... आज हिरवं, पर पावसाळ्यापातूर... कळतंय मला, मी काय धुळा न्हाई. म्हंजे थंडीनं न्हाई मेला. थंडी सोसली त्यानं. त्याला आमी—बघून बघून मारला व्हय? एवढीशी पोर तू, तुझ्या तोंडनं मला ह्ये ऐकायचं हुतं.

त्याचंच काम ह्ये! माझं एकट्याचं निम्मंच हुतं. निम्म्यानं मेला नसता ना? मंग! त्यानं मेला. त्याला कुणी सांगितलंतं खरवडायला? ...म्या सांगितलंतं. हॉटेलात. पण त्याला हिरवं दिसलं तवाच थांबायचं हुतं की. त्याला मेल्यालंच पायजे हुतं म्हणून थांबला न्हाई त्यो. माझं येगळं, मला जितं पायजे हुतं म्हणून मी—काय? काय म्हणालात? कवा? सकाळी? तुमी हितं यायच्या आदी त्याच्या घरी गेलता व्हय? आन त्यानं काय इचारलं? परत सांगा. ...जितं ठिवायला काय करावं लागंल म्हणून. मेलं का, आसं न्हाई इचारलं? एकदाबी? रडला? खोटं नगा सांगू मॅडम. अर्जुना रडत न्हाई. आय गेली तवाबी म्हशीच्या पाठीवर हात टाकून नुसता हुभा हुता. ...त्याला वाटतंय की तार मला मारायचीय. मला! मी कशाला मारू तार? त्याला कुणी सांगितलं आसं? म्या—हॉटेलात म्हणलं आसंल कवातरी, वाळू दे एकदा, बघतो मंग, आसं. रागानं माणूस बोलतंय की काय काय. त्यानं त्येवढंच बरं ऐकलं. खुळा हाय त्यो. जलमाचा खुळा. दोघंबी खिडकीतनं एकमेकाला बघत बसलो, आन बाहीर येऊन एकानं तरी... खुळाच.

खालनं तोडून टाकायचं? नवीन फुटवा येईल? न्हाई, ते नको. आयचं बोलणं हुतं, हुभा हाय तवर. तोडल्याल्या बुडख्याला हुभा कोण म्हणणार? नाथाजी म्हणंल? दुसरं काय आसंल तर सांगा. कलम? कसलं कलम, हुभ्या झाडाला? ...आसं. ह्याच्याच कोवळ्या काड्या घ्यायच्या, खालच्या सालीत एक टोक खोचायचं, वरच्या सालीत दुसरं, मधल्या उघड्या भागावरनं पूल टाकल्यागत. भवतीनं चारी अंगाला. लागलं तर रस चालू हुईल. लागलं तर. न्हाई लागलं तर न्हाई. आताच करायला पायजे? आज? मंग करा की, वाट कुणाची बघताय? मी धरतो काडी. माझा हात हलत न्हाई, बंदुकीवर बसल्याला हात हाय ह्यो. ...दोन माणसं कशाला? हिकडची काडी मी दाबून धरली, पट्टी तुमी बांधली—तिकडची तवाच धरायला लागती? न्हाईतर सरकती? कितीयेळ? म्हंजे सगळं बांधून हुईपातूर दोघांनी समोरासमोर, झाडाला धरून... तुमचा डायव्हर न्हाई का? त्याला बोलवा. का? त्यो नर्सरीचा माणूस न्हाई तर अर्जुना तरी कुठं नर्सरीचा हाय? त्याला जमणार न्हाई, सांगून ठिवतो. त्याला पतंगाची फिरकी धरता येत नव्हती सरळ, मांजा काटला जायचा माझा. शिव्या खायचा आन परत फिरकी घिऊन माझ्याच मागं यायचा. धसमुसळा. काडी मोडंल त्यो.

तुमी जाऊ नका बोलवायला. सांगतोय ना, जाऊ नका! तुमच्या बोलवण्यानं आला तर त्यो तुमच्यासाठी आला, त्याचा काय उपयोग? हाक मी मारतो. माझ्या घशात काय बोळा बसलाय व्हय? वरीसवरीस मारली नसंल, म्हणून काय इसरलो न्हाई. त्याचं तोंड हिकडंच हाय बघा, गोठ्यापाशी हुभा हाय कवापास्नं, कळतंय मला, मी काय आंधळा न्हाई... तुमी आसं करा पोरी, तुमी जरा गाडीपाशी जावा. चाकू, पट्ट्या, काय लागतंय ते घिऊन सावकाश या. न्हाई, आता लगीच जावा. आन माझ्याकडं बघत बघत जाऊ नका, सरळ पुढं बघून चाला. जावा म्हणतो ना. तुमच्या देखत मला त्याला नावानं हाक मारता यायची न्हाई.